चाचणीच्या लिमिट्स डेटाबेसमधून उचलताना: टेबलापासून निकालाच्या नोंदीपर्यंत

एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड टेस्ट स्टेशनवर चढतो. ३.३ व्होल्टची रेल (बोर्डावरची वीजपुरवठ्याची ओळ) मोजली जाते, ३.४७१ येते, स्क्रीन लाल होते. बोर्ड का फेल झाला याचं अर्धं उत्तर मोजमापात आहे. उरलेलं अर्धं लिमिटमध्ये आहे: ३.४६० ही वरची लिमिट कुणी ठरवली, कधीपासून लागू झाली, आणि त्या क्षणी स्टेशनच्या मेमरीत खरोखर तीच होती का? पास झालेला एखादा बोर्ड सहा महिन्यांनी परत येतो तेव्हा याच प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात, आणि लिमिट्स सीक्वेन्सच्या (चाचणीच्या स्टेप्स क्रमाने चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पोटात टाइप केलेल्या असतील तर ती बहुतेक वेळा सापडत नाहीत.

लिमिट्स डेटाबेसमध्ये नेण्याचा खरा फायदा तिथे आहे. सीक्वेन्स न उघडता आकडा बदलता येतो ही सोय चांगलीच, पण तीच सोय धोक्याचीही आहे, कारण आता कुणीही, कधीही, शांतपणे आकडा बदलू शकतो. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी दोन नियमांभोवती फिरते. लिमिट नीट मिळाली नाही तर टेस्ट सुरूच होता कामा नये. आणि जी लिमिट प्रत्यक्ष वापरली, ती मोजमापाच्या शेजारी नोंदली गेलीच पाहिजे.

पायरी १: काय बाहेर काढायचं ते आधी वेगळं करा

सीक्वेन्समध्ये आकडे तीन जातीचे असतात. पहिल्या जातीच्या लिमिट्स: ज्यांवर पास की फेल ठरतं. दुसऱ्या जातीची सेटिंग्ज: सप्लायला किती व्होल्ट द्यायचे, रिले पडल्यावर किती मिलिसेकंद थांबायचं. तिसऱ्या जातीचे स्टेशनचे स्वतःचे आकडे: फिक्स्चरच्या (बोर्ड धरून जोडणाऱ्या साच्याच्या) तारांचा रोध, केबलमधली घट.

तिघांचे मालक वेगळे आहेत. लिमिट डिझाइन आणि गुणवत्ता विभाग ठरवतो, सेटिंग टेस्ट इंजिनिअर ठरवतो, फिक्स्चरचा आकडा कॅलिब्रेशनमधून येतो आणि स्टेशनगणिक बदलतो. तिन्ही एकाच टेबलात कोंबले की मंजुरीचा गोंधळ होतो. थांबण्याचा वेळ ५० वरून २० मिलिसेकंद करणं हा आकड्याचा किरकोळ बदल वाटतो, पण त्याने मोजण्याची पद्धतच बदलते आणि ती चाचणी पुन्हा पारखून घ्यावी लागते. म्हणून लिमिटच्या टेबलात फक्त लिमिट्स ठेवा.

एक उत्पादन, एक स्टेशन आणि वर्षातून एखादाच बदल एवढाच पसारा असेल, तर व्हर्जन कंट्रोलमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत) ठेवलेली साधी फाइल पुरते. उत्पादनांचे व्हेरिएंट वाढले, स्टेशनं दोनाची पाच झाली, की डेटाबेसकडे वळावं.

पायरी २: टेबलं

दोन टेबलं लागतात. पहिलं संचाचं. संच म्हणजे एका उत्पादनाच्या, एका व्हेरिएंटच्या, एका टप्प्याच्या सगळ्या लिमिट्सची एकत्र मंजूर झालेली आवृत्ती. त्यात संच क्रमांक, उत्पादन कोड, व्हेरिएंट, टप्पा (अंतिम चाचणी, दुरुस्तीनंतरची चाचणी, तापमान चाचणी वगैरे), स्थिती (मसुदा, मंजूर, बाद), मंजूर करणाऱ्याची ओळख, मंजुरीची वेळ आणि बदलाचं कारण एवढे रकाने हवेत. कारणाचा रकाना रिकामा ठेवता येणार नाही असाच करा. दोन वर्षांनी सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

दुसरं टेबल ओळींचं, आणि प्रत्येक ओळ संच क्रमांकाला बांधलेली. नमुना असा:

| ओळख | वर्णन | तुलना | खालची | वरची | एकक |
|---|---|---|---|---|---|
| पॉवर-०१० | ३.३ व्होल्ट रेल, लोडशिवाय | दोन्ही बाजू | ३.१४० | ३.४६० | व्होल्ट |
| पॉवर-०२० | ३.३ व्होल्ट रेल, पूर्ण लोडवर | दोन्ही बाजू | ३.१४० | ३.४६० | व्होल्ट |
| पॉवर-०३० | स्लीप मोडमधला करंट | फक्त वरची | रिकामी | १२ | मायक्रोअँपिअर |
| घड्याळ-०१० | क्रिस्टलची वारंवारता, चूक | दोन्ही बाजू | -२० | २० | पीपीएम (दहा लाखांत किती) |

याखेरीज मूळ स्पेसिफिकेशनमधल्या लिमिट्ससाठी आणखी दोन रकाने ठेवा. ३.३ व्होल्टवर ५ टक्के सूट म्हणजे ३.१३५ ते ३.४६५. वरच्या टेबलात मात्र ३.१४० ते ३.४६० आहे, कारण मोजणाऱ्या यंत्रणेची अनिश्चितता ५ मिलिव्होल्ट धरून दोन्ही बाजूंनी तेवढी पट्टी आत घेतली आहे. मोजमापाची अनिश्चितता लक्षात घेऊन स्वीकाराची मर्यादा कशी ठरवावी, याचा पाया जेसीजीएम १०६:२०१२ या दस्तऐवजात घातलेला आहे. दोन्ही जोड्या शेजारी असल्या की पुढे कुणी ‘आपण उगाच कडक आहोत’ म्हणून ३.४६५ करायला निघाला, तर ते ५ मिलिव्होल्ट कुठून आले हे त्याला दिसतं.

आकड्याचा प्रकार दशांश ठेवा, फ्लोट (बायनरीत जवळपासची किंमत साठवणारा प्रकार) नको. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ३.१४ लिहिलं तर प्रत्यक्षात साधारण ३.१४०००००१०५ साठतं. स्टेशनवरचा प्रोग्रॅम ६४ बिटांत काम करतो. मोजमाप नेमकं ३.१४ आलं तर ते लिमिटपेक्षा कमी ठरतं आणि बोर्ड फेल होतो. स्क्रीनवर मात्र मोजमापही ३.१४० आणि खालची लिमिटही ३.१४० दिसते. अशा बोर्डाशी माणसं दिवसभर झुंजतात आणि चूक बोर्डात नसतेच.

मंजूर झालेल्या संचातली एकही ओळ पुन्हा बदलता येऊ नये. बदल हवा असेल तर नवा संच करायचा, जुना बाद करायचा. हे कागदावरच्या नियमाने होत नाही. डेटाबेसच्या ट्रिगरने (बदल होताना आपोआप चालणाऱ्या कोडने) किंवा परवानग्यांनी ते बंद करा. स्टेशनच्या लॉगिनला लिमिटच्या टेबलांवर फक्त वाचण्याची आणि निकालाच्या टेबलात फक्त भर घालण्याची मुभा द्या.

पायरी ३: डेटाबेसला पहारा द्यायला लावा, पण त्याच्यावर विसंबू नका

खालची लिमिट वरचीपेक्षा मोठी नसावी, अशी चेक कन्स्ट्रेंट (ओळ साठवण्याआधी डेटाबेस तपासतो ती अट) टाकणं सगळ्यांना सुचतं. ती टाकाच. पण तिच्या फटी माहीत असू द्या.

पहिली फट: दोन्हीपैकी एक आकडा नल, म्हणजे न भरलेला, असेल तर तुलनेचं उत्तर खरं किंवा खोटं न येता ‘अज्ञात’ येतं, आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या नियमानुसार अज्ञात आलं तरी चेक कन्स्ट्रेंट ओळ आत येऊ देते. म्हणजे ‘दोन्ही बाजू’ अशी तुलना असलेली ओळ वरच्या लिमिटविना आरामात साठते. तुलनेचा प्रकार आणि कुठला रकाना भरलेला हवा, हे जोडून सांगणारी वेगळी कन्स्ट्रेंट लागते: ‘दोन्ही बाजू’ असेल तर दोन्ही रकाने नल नसलेले, ‘फक्त वरची’ असेल तर खालचा नल आणि वरचा भरलेला.

दुसरी फट: पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आकड्याच्या रकान्यात नॅन, म्हणजे ‘आकडा नव्हे’ ही किंमत, साठू शकते, आणि तो डेटाबेस नॅनला इतर सर्व आकड्यांपेक्षा मोठा मानतो. वरच्या लिमिटमध्ये नॅन आला तरी ‘खालची वरचीपेक्षा मोठी नाही’ ही अट पूर्ण होते आणि ओळ आत जाते. नॅन स्पष्टपणे नाकारणारी अट वेगळी लिहा.

तिसरी फट आवृत्तीची आहे. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१६ च्या आधी चेक कन्स्ट्रेंट लिहिता यायची, चूकही दाखवली जायची नाही, पण ती पाळलीच जात नसे. एसक्यूलाइटमध्ये आकड्याच्या रकान्यात मजकूर घातला तरी एरवी तो साठतो. ३.३७.० आवृत्तीपासून टेबल ‘स्ट्रिक्ट’ करता येतं, तेव्हाच प्रकार सक्तीने पाळला जातो. म्हणून कन्स्ट्रेंट लिहिली की लगेच एक मुद्दाम चुकीची ओळ घालून पाहा. ती नाकारली गेली, तरच कन्स्ट्रेंट आहे असं समजा.

पायरी ४: ओळख

ही पायरी छोटी दिसते, पण माझ्या मते बहुतेक यंत्रणा इथेच मोडतात. डेटाबेसमधली ओळ आणि सीक्वेन्समधली स्टेप यांना जोडणारा धागा कोणता?

सर्वांत सोपा धागा म्हणजे स्टेपचं नाव, आणि तोच सर्वांत कच्चा. कुणीतरी ‘३.३ व्होल्ट तपासा’चं ‘३.३ व्होल्ट रेल तपासा’ करतो, वाचायला बरं वाटावं म्हणून, आणि त्या स्टेपची लिमिट येणं थांबतं. एकाच नावाच्या दोन स्टेप्स असतील तर कुठली लिमिट कुठे जाईल हे नशिबावर. नावाच्या शेवटी राहिलेली एक स्पेस डोळ्यांना दिसत नाही, पण तुलनेत आडवी येते.

म्हणून प्रत्येक मोजमापाला स्वतःची न बदलणारी ओळख द्या, वरच्या टेबलातल्या पॉवर-०१० सारखी. दहादहाच्या अंतराने क्रमांक दिले की मध्ये नवं मोजमाप घालायला जागा राहते. वर्णन कितीही बदलो, ओळख बदलायची नाही. मोजण्याची पद्धत बदलली, उदाहरणार्थ लोडशिवाय मोजायचं ते आता लोडवर मोजायचं, तर मात्र नवी ओळखच द्यायची. जुन्या आणि नव्या आकड्यांचा आलेख एकाच रेषेवर काढला जाऊ नये.

लूपमधल्या स्टेपचा विचार वेगळा करावा लागतो. आठ चॅनल एकाच स्टेपने तपासत असाल आणि सर्वांची लिमिट एकच असेल, तर ओळ एक ठेवा आणि निकालात चॅनल क्रमांक वेगळा लिहा. चॅनलगणिक लिमिट वेगळी असेल तर आठ ओळी, आठ ओळखी.

पायरी ५: योग्य संच निवडणं

‘सर्वांत नवा संच घ्या’ अशी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लिहू नका. आवृत्ती मजकूर म्हणून साठवलेली असेल तर क्रम लावताना ‘१०’ हा ‘९’च्या आधी येतो, आणि दहावी आवृत्ती मंजूर झाल्यावरही स्टेशन नववीच उचलत राहतं. शिवाय सर्वांत नवा संच अजून मसुदा असू शकतो.

क्वेरीची अट स्पष्ट हवी: उत्पादन कोड हा, व्हेरिएंट हा, टप्पा हा आणि स्थिती मंजूर. उत्तरात नेमकी एक ओळ यायला हवी. शून्य आल्या तर थांबा. दोन आल्या तरी थांबा, पहिली उचलून पुढे जाऊ नका. एका उत्पादन-व्हेरिएंट-टप्प्याला एका वेळी एकच मंजूर संच असावा, हे डेटाबेसमध्येच पक्कं करता येतं. पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये अटीसह युनिक (दुबार नोंद रोखणारा) इंडेक्स करता येतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यालाच फिल्टर्ड इंडेक्स म्हणतात.

उत्पादन कोड बारकोडवरून येत असेल तर तो क्वेरीच्या मजकुरात चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून द्या. सुरक्षेचं कारण आहेच, पण रोजचं कारण साधं आहे: कोडात एखादं अवतरण चिन्ह आलं की चिकटवलेली क्वेरी तुटते.

लागू होण्याची तारीख ठेवत असाल तर ‘आत्ता’ म्हणजे किती वाजले हे डेटाबेस सर्व्हरला विचारा. पाच स्टेशनांची घड्याळं पाच वेळा दाखवतात.

पायरी ६: कधी लोड करायच्या

प्रत्येक स्टेपने आपली लिमिट स्वतः डेटाबेसमधून आणावी, ही रचना टाळा. दोनशे स्टेप्सना दोनशे फेऱ्या होतात, नेटवर्क अडखळलं की टेस्टचा वेळ लांबतो, आणि एकाच बोर्डाच्या पहिल्या अर्ध्या चाचण्या जुन्या संचावर आणि उरलेल्या नव्यावर होण्याची वाट उघडी राहते. संच एकदाच निवडा, त्याच्या सगळ्या ओळी एकाच क्वेरीत आणा, मेमरीत ठेवा आणि जोडणी बंद करा.

मग हे बॅचच्या सुरुवातीला करायचं की प्रत्येक बोर्डाला? माझं मत असं: ओळी बॅचच्या सुरुवातीला आणा, पण प्रत्येक बोर्डाच्या आधी एक छोटी क्वेरी करून मंजूर संचाचा क्रमांक तोच आहे ना एवढं विचारा. बदलला असेल तर बोर्ड सुरू होण्याआधी नवा संच आणा. एका बोर्डाची चाचणी चालू असताना संच कधीही बदलायचा नाही.

टेस्टस्टँड हे चाचण्यांचे सीक्वेन्स चालवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडं नेमकं. त्यात प्रॉपर्टी लोडर नावाची स्टेप तयार मिळते आणि ती मजकूर फाइल, एक्सेल किंवा डेटाबेस यांतून स्टेपच्या लिमिट्स भरू शकते. स्वतःची क्वेरी चालवायची असेल तर ओपन डेटाबेस, ओपन एसक्यूएल स्टेटमेंट, डेटा ऑपरेशन आणि मग दोन्ही बंद करणाऱ्या स्टेप्स अशी साखळी आहे. ही साखळी सीक्वेन्सच्या सेटअप गटात ठेवली तर तो सीक्वेन्स जितक्या वेळा बोलावला जाईल तितक्या वेळा ती चालते. प्री-यूयूटी-लूप कॉलबॅकमध्ये (यूयूटी म्हणजे तपासला जाणारा बोर्ड, कॉलबॅक म्हणजे ठराविक क्षणी आपोआप बोलावला जाणारा सीक्वेन्स) ठेवली तर बोर्डांचा लूप सुरू होण्यापूर्वी एकदाच चालते.

इथे एक खड्डा आहे. प्री-यूयूटी-लूप हा कॉलबॅक ‘टेस्ट यूयूट्स’ने सुरुवात केली तरच चालतो. ‘सिंगल पास’ने, म्हणजे एकाच फेरीत, चालवलं तर तो बोलावला जात नाही. दुरुस्तीच्या टेबलावर कुणी एकच बोर्ड सिंगल पासने तपासला, तर सीक्वेन्समध्ये जे आकडे मुळात टाइप केलेले आहेत तेच वापरले जातात. कुठे काही चूक दिसत नाही.

यावर एक साधा उपाय मी प्रत्येक ठिकाणी वापरतो. सीक्वेन्समध्ये टाइप केलेल्या मूळ लिमिट्स जाणूनबुजून अशक्य ठेवायच्या: खालची १, वरची उणे १. कुठलंही मोजमाप त्या दोहोंच्या मध्ये बसू शकत नाही. लोडर (लिमिट्स आणून भरणारा भाग) चालला नाही, किंवा एखादी स्टेप त्याच्या नजरेतून सुटली, तर ती स्टेप हमखास फेल होते आणि अहवालात १ आणि उणे १ ही जोडी पाहताच कारण कळतं. ‘साधारण बरोबर’ असे आकडे मूळ जागी ठेवणं सर्वांत घातक, कारण ते बहुतेक बोर्डांना योग्यच निकाल देतात.

पायथनमध्ये पायटेस्ट ही चाचण्यांची चौकट वापरत असाल तर लक्षात घ्या, पॅरामीटर देऊन बनवलेल्या चाचण्यांची यादी चाचण्या धावण्याआधी, गोळा करतानाच तयार होते. तिथे डेटाबेस उघडलात तर नुसती यादी पाहायलाही सर्व्हर लागतो. लिमिट्स सेशनच्या पातळीवरच्या फिक्स्चरमध्ये (इथे फिक्स्चर म्हणजे चाचण्यांआधीची तयारी करणारं फंक्शन) आणा आणि चाचणीला फक्त ओळख द्या.

पायरी ७: आणलेल्या ओळी वापरण्याआधी तपासा

लोडरने ओळी आणल्या म्हणजे काम संपलं असं नाही. एका जुन्या लाइनवर मी हे अंगावर घेतलं आहे. लोडरमधली चूक पकडून ती फक्त लॉगमध्ये लिहिली जात होती, आणि सीक्वेन्स पुढे चालत होता. एके दिवशी सर्व्हरचा पासवर्ड बदलला. पूर्ण पाळी जुन्या लिमिट्सवर बोर्ड पास होत राहिले. लॉगमध्ये ओळ होती, ती वाचायला कुणी नव्हतं. त्या पाळीचे सगळे बोर्ड पुन्हा तपासावे लागले.

म्हणून तपासणी दोन्ही दिशांनी करा. सीक्वेन्समधल्या प्रत्येक ओळखीला संचात ओळ आहे का? नसेल तर थांबा. आणि संचातल्या प्रत्येक ओळीला सीक्वेन्समध्ये स्टेप आहे का? ही दुसरी दिशा लोक सोडून देतात. संचात पॉवर-०३० आहे आणि सीक्वेन्समध्ये ती स्टेपच नाही, याचा अर्थ कुणाला तरी जी चाचणी होते असं वाटतं ती होतच नाही. तिथेही थांबा. एखादी स्टेप खरोखर तात्पुरती वगळायची असेल तर तसं संचात, मंजुरीसह लिहा.

मग एकक. स्टेपला स्वतःचं एकक माहीत हवं आणि ते ओळीतल्या एककाशी अक्षरशः जुळायला हवं. न जुळल्यास आपोआप रूपांतर करू नका, थांबा. स्लीप करंटची लिमिट १२ मायक्रोअँपिअर आहे आणि मीटर अँपिअरमध्ये उत्तर देतो. ०.००००१२ ची तुलना १२ शी झाली तर दहा मिलिअँपिअर खाणारा बोर्डही पास होतो. एकाच बाजूची लिमिट असलेल्या चाचणीत ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते, कारण काहीच फेल होत नाही.

पायरी ८: रिकामी लिमिट आणि नॅन

यावर थोडं थांबू या, कारण सगळ्यात शांत चुका इथल्या आहेत.

डेटाबेसमधला नल तुमच्या भाषेत येताना काय होतो? काही ठिकाणी रिकामी वस्तू, काही ठिकाणी शून्य, काही ठिकाणी नॅन. शून्य झाला तर ‘फक्त वरची’ लिमिट असलेल्या चाचणीला खालची शून्याची लिमिट लागते. उणे ३ मायक्रोअँपिअरचं मोजमाप, जे मीटरच्या शून्याच्या आसपासच्या खुळखुळाटात सहज येतं, विनाकारण फेल होतं.

नॅन झाला तर काय होईल हे तुमची तुलना कशी लिहिली आहे यावर ठरतं. आयट्रिपलई ७५४ या फ्लोटिंग पॉइंटच्या मानकानुसार नॅनशी केलेली मोठं-लहानाची प्रत्येक तुलना खोटी ठरते. आता दोन प्रोग्रॅमर पाहा. पहिला लिहितो: मोजमाप खालच्या लिमिटपेक्षा कमी असेल किंवा वरच्यापेक्षा जास्त असेल तर फेल, नाहीतर पास. दुसरा लिहितो: मोजमाप खालच्याइतकं किंवा जास्त आणि वरच्याइतकं किंवा कमी असेल तर पास, नाहीतर फेल. चांगल्या आकड्यांवर दोन्ही सारखेच चालतात. दोन्ही लिमिट्स नॅन झाल्या तर पहिल्याकडे जगातला प्रत्येक बोर्ड पास होतो, दुसऱ्याकडे प्रत्येक बोर्ड फेल होतो. मोजमाप स्वतःच नॅन आलं, मीटरने उत्तर दिलंच नाही म्हणून, तरीही हेच.

नेहमी दुसऱ्यासारखं लिहा. पास ही गोष्ट सिद्ध व्हावी लागते. शिवाय लोडरमध्येच नॅन आणि अनंत दोन्ही नाकारा, आणि एकच बाजू हवी असेल तर ती नल किंवा मोठ्या आकड्याच्या खुणेवरून ओळखू नका, तुलनेच्या रकान्यावरून ओळखा. ‘लिमिट नाही’ यासाठी ९९९९९ लिहिण्याची सवय मोडा. तो आकडा पुढे कधीतरी सरासरीत किंवा आलेखात जातोच.

मजकुराच्या चाचण्यांत, उदाहरणार्थ फर्मवेअरची आवृत्ती, रिकाम्या मजकुराचं बघा. ओरॅकल रिकामा मजकूर नल म्हणूनच साठवतो, इतर बरेच डेटाबेस दोन्ही वेगळे ठेवतात. अपेक्षित मजकूर रिकामा असलेली ओळ लोडरने नाकारावी, मग हा फरक आड येत नाही.

दशांशचिन्हाचा प्रश्नही याच कुळातला. लिमिट मजकूर म्हणून प्रवास करत असेल, आणि स्टेशनच्या भाषेच्या सेटिंगमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम असेल, तर ‘३.४६०’चं ३४६० होऊ शकतं. आकडा डेटाबेसमधून आकडा म्हणूनच आणा. मजकूर वाटेत येणारच असेल तर रूपांतर करताना भाषेचं सेटिंग स्वतः ठरवून द्या.

पायरी ९: सर्व्हर बंद असेल तेव्हा

लाइन थांबवणं महाग असतं, म्हणून स्थानिक प्रत लागते. स्टेशनवर एसक्यूलाइटची फाइल ठेवा. त्यात शेवटचा यशस्वीपणे आणलेला संच, त्याचा क्रमांक, आणल्याची वेळ आणि सर्व ओळींवरून काढलेला एसएचए-२५६ हॅश (मजकूर बदलला की बदलणारी ठशासारखी खूण) ठेवा. वाचताना हॅश पुन्हा काढून जुळवा. न जुळल्यास प्रत फेकून द्या.

प्रतीला वयाची मर्यादा हवी. किती तास, हे तुमच्याकडे संच किती वेळा बदलतो यावर ठरवा, पण ती मर्यादा लेखी असू द्या, आणि ती ओलांडल्यावर स्टेशन थांबू द्या. प्रत वापरून चाचणी झाली तर स्क्रीनवर ते ठळक दिसलं पाहिजे आणि प्रत्येक निकालात ‘स्थानिक प्रत’ अशी खूण पडली पाहिजे. सर्व्हर परत आल्यावर त्या काळात संच बदलला होता का हे पाहून बाधित बोर्ड एका क्वेरीत काढता येतात.

जोडणीला वेळेची मर्यादा द्यायला विसरू नका. काही ड्रायव्हर मुळात इतका वेळ वाट पाहतात की ऑपरेटरला स्टेशन गोठलं असं वाटतं आणि तो वीजच बंद करतो.

पायरी १०: निकालाशेजारी लिमिट

निकालाच्या टेबलात प्रत्येक मोजमापाच्या ओळीत ओळख, मोजमाप, एकक, तुलना, वापरलेली खालची आणि वरची लिमिट, निकाल आणि संच क्रमांक लिहा. संच क्रमांक आहे तर लिमिट्स पुन्हा कशाला, असा प्रश्न डेटाबेस शिकलेला प्रत्येक जण विचारतो. उत्तर असं की संच क्रमांक सांगतो कोणती लिमिट वापरायला हवी होती, आणि शेजारचा आकडा सांगतो प्रत्यक्षात मेमरीत कोणती होती. त्या दोहोंत फरक पडणं, हीच तर आपल्याला पकडायची चूक आहे. म्हणून तो आकडा तुलना करणाऱ्या स्टेपच्या हातातून घ्या. लोडरच्या हातातून पुन्हा घेतलात तर काहीच सिद्ध होत नाही.

मग रोज रात्री एक क्वेरी चालवा: निकालातली लिमिट त्याच संचातल्या, त्याच ओळखीच्या लिमिटपेक्षा वेगळी आहे अशा ओळी दाखव. नल असलेल्या बाजूंची तुलना मात्र नलचा विचार करूनच लिहा, साध्या ‘समान नाही’ने त्या ओळी गळून पडतात. उत्तर नेहमी रिकामं यायला हवं. एक जरी ओळ आली तर सकाळी लाइन सुरू होण्याआधी तिचं कारण शोधा.

पायरी ११: लिमिट बदलताना

मसुदा संच तयार झाला की मंजुरीआधी त्याला जुन्या मोजमापांवर चालवून पाहा. मोजमापं निकालाच्या टेबलात आहेतच. मागच्या काही हजार बोर्डांची मोजमापं नव्या लिमिट्सशी ताडली, की किती बोर्डांचा निकाल पासचा फेल होतो आणि किती फेलचे पास होतात हे मिनिटभरात कळतं. दुसरा आकडा शून्य नसेल तर मंजूर करणाऱ्याला ते बोर्ड एकेक करून दाखवा. हे करता येणं हाच मला या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

लिमिट लिहिणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच नसावा, आणि तेही डेटाबेसनेच तपासावं.

पायरी १२: लोडरला मुद्दाम छळा

लाइनवर नेण्याआधी हे प्रत्यक्ष करून पाहा. नेटवर्कची केबल टेस्टच्या मधोमध काढा. संचातली एक ओळ गाळा. एक ओळ जास्तीची घाला. एकक ‘व्होल्ट’चं ‘मिलिव्होल्ट’ करा. दोन संच एकाच वेळी मंजूर करायचा प्रयत्न करा. स्थानिक प्रतीतला एक बाइट बदला. स्टेशनच्या विंडोजची भाषा दशांशाला स्वल्पविराम वापरणाऱ्या भाषेवर न्या. स्टेपचं नाव बदला आणि ओळख तशीच ठेवा. इथे सर्व सुरळीत चाललं पाहिजे. सिंगल पासने चालवा.

नाव बदलणं सोडलं, तर या प्रत्येक प्रयोगात स्टेशन बोर्ड पास न करता थांबायला किंवा फेल दाखवायला हवं. केबल काढण्याचा प्रयोग हा याला आणखी एक अपवाद आहे: ओळी आधीच मेमरीत असतील तर चालू बोर्ड शांतपणे पूर्ण व्हावा, आणि पुढच्या बोर्डाच्या वेळी स्थानिक प्रतीची खूण दिसावी. मोजमाप नेमकं लिमिटवर ठेवूनही बघा: ३.१४० आणि ३.४६० पास व्हायला हवेत, ३.१३९९ आणि ३.४६०१ फेल. त्यासाठी खरा बोर्ड लागत नाही, मोजमापाच्या जागी आकडा घातला तरी पुरतं.

हे प्रयोग एका फाइलमध्ये चाचण्या म्हणून लिहून ठेवा, आणि लोडरचा किंवा डेटाबेस ड्रायव्हरचा कुठलाही बदल स्टेशनवर नेण्याआधी ती फाइल चालवा.